गरोदरपणात राजीनामा मागितला जातो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या खासगी कंपनीत तीन वर्षं नोकरी, कंपनीत साधारण १२० माणसं, पगार महिना ४८,००० रुपये. पाचवा महिना सुरू आहे. मॅनेजरला तोंडी सांगितल्यापासून क्लायंटच्या कॉलमधून नाव गळालं, शेजारी नवी मुलगी आणून बसवली, मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत ‘मॅडमची झोपायची वेळ झाली’ अशी थट्टा सुरू झाली. गेल्या शुक्रवारी संध्याकाळी एचआरने केबिनमध्ये बोलावून सांगितलं, ‘तुमच्या तब्येतीसाठीच म्हणतोय. राजीनामा द्या, एक महिन्याचा पगार वर देतो. नाहीतर परफॉर्मन्सवर जावं लागेल.’ लेखी काहीच नाही. सासरचे म्हणतात सोडून दे, बाळ मोठं झालं की बघू. कंपनी काढू शकते का, आणि हातात पुरावा नसताना काय करायचं, असं विचारलंय.

मी कामगार कायद्याची वकिली करते. त्याआधी आठ वर्षं एचआरमध्ये होते, म्हणजे त्या केबिनमधल्या टेबलाच्या पलीकडेही बसून झालंय. शुक्रवारी संध्याकाळीच का बोलावतात, हेही मला माहीत आहे. मधले दोन दिवस घरात चर्चा होते, रडारड होते, आणि सोमवारी बाई बहुतेक वेळा सही करायला तयार होऊन येते.

तेव्हा आधी हे ऐका. राजीनामा देऊ नका. मेलवर नको, कंपनीच्या पोर्टलवर नको, आणि ‘नुसता फॉर्मॅट म्हणून सही करून ठेवा’ अशा कागदावर तर मुळीच नको. इतक्या वर्षांत ‘तुम्ही गरोदर आहात म्हणून तुम्हाला कामावरून कमी करत आहोत’ असं पत्र मी एकदाही पाहिलेलं नाही. कायदा काढून टाकण्याच्या विरोधात इतका स्पष्ट आहे की शहाणी कंपनी काढतच नाही. ती तुम्हालाच निघायला लावते. राजीनामा हातात आला की तिची बाजू सोपी होते. बाई स्वखुशीने गेल्या, आम्ही तर निरोपाचा केकसुद्धा आणला होता! मग ती खुशी नव्हती हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. तुमच्या बाबतीत अजून तसं झालेलं नाही, आणि तुमची खरी ताकद तीच आहे. हे वाचणाऱ्या कुणी आधीच सही केली असेल तर राजीनामा मंजूर होऊन लागू होण्याआधी तो मागे घेता येतो. त्याच दिवशी लेखी मागे घ्या, सोमवारची वाट बघू नका.

आता पैशाचा हिशेब करू, कारण तुमच्यापुढे ठेवलेला तो ‘एक महिन्याचा पगार’ नीट मोजलेला दिसत नाही. अपेक्षित प्रसूतीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत तुम्ही किमान ८० दिवस काम केलेलं असलं की पगारी बाळंतपणाच्या रजेचा हक्क लागू होतो. तुमची तर तीन वर्षं झालीत. दोनपेक्षा कमी मुलं हयात असतील तर ही रजा २६ आठवड्यांची, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी. दोन किंवा जास्त मुलं असतील तर १२ आठवडे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. तुमचा पूर्ण पगार धरला तर ही रक्कम २ लाख ८७ हजारांच्या आसपास जाते. कुठले भत्ते धरायचे यावरून आकडा खाली येऊ शकतो, पण नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतल्या (तिच्याबद्दल पुढे सांगते) वेतनाच्या व्याख्येमुळे तो एकूण पगाराच्या निम्म्याखाली नेता येत नाही. शिवाय ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस आहे. तो कंपनीने प्रसूतीआधीची आणि नंतरची देखभाल मोफत पुरवली नसेल तर द्यायचा. म्हणजे एचआर तुम्हाला ४८,००० देऊन यातून सुटायला बघतंय. तब्येतीची काळजी ती ही.

ही रक्कम कंपनीच्या खिशातून जाते, हेच दुखणं आहे. कारखान्यात किंवा दुकानात कमी पगारावर, सध्याच्या नियमाने महिना २१,००० रुपयांपर्यंत, काम करणाऱ्या विमाधारक बाईला हे पैसे ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं. तुमच्या पगाराच्या बाईचे पैसे मालकाला स्वतः द्यावे लागतात. २०१७ साली रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली तेव्हा आम्ही सगळ्यांनी स्वागत केलं, मीही केलं. पण तो सगळा भार एकट्या मालकावर टाकल्याने मुलाखतीतच ‘लग्न कधी, प्लॅनिंग काय’ विचारायला बळ मिळालं, असं माझं मत आहे. असो, ते धोरण ठरवणाऱ्यांचं काम.

कायद्याबद्दल दोन शब्द. जुना मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधल्या मातृत्व लाभाच्या प्रकरणाने घेतली. कलमांचे आकडे बदलले, गाभा तोच राहिला. जुनं कलम १२ होतं, ते आता कलम ६८. या रजेवर असताना किंवा या रजेमुळे बाईला काढणं बेकायदा, रजेच्या काळात मुदत संपेल अशी नोटीस देणं बेकायदा, आणि तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्यात बदलणंही बेकायदा. गरोदरपणात कधीही काढलं तरी तिचा मातृत्व लाभाचा हक्क बुडत नाही, अपवाद फक्त गंभीर गैरवर्तनाचा, आणि तोही लेखी आदेशाने. हे संरक्षण हुद्दा किंवा पगार बघत नाही. ‘तुम्ही एक्झिक्युटिव्ह आहात, कामगार कायदे तुम्हाला नाहीत’ हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. या बाबतीत ते खोटं आहे.

‘काम जमत नाही’ हे तर गैरवर्तनही नव्हे. म्हणूनच आधी परफॉर्मन्सचा बागुलबुवा दाखवून सही घ्यायची असते.

आता कच्ची बाजूही सांगते, नाहीतर उत्तर अर्धवट राहील. सेवाशर्ती बदलण्याची मनाई मुख्यतः रजेच्या काळाला जोडलेली आहे. तुम्ही अजून कामावर आहात. प्रोजेक्ट काढून घेणं, टोमणे, एकटं पाडणं याला आपल्याकडे ‘बुलिंग’ म्हणून पकडणारा स्वतंत्र कायदा नाही. थट्टा शरीरावर किंवा नवरा-बायकोच्या संबंधांवर गेली तर मात्र ती २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात येऊ शकते. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते, आणि तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. ‘झोपायची वेळ’ एवढ्यावर समिती काय म्हणेल याची मला खात्री नाही, पण याहून घाण बोलणं झालं असेल तर ते आजच तारखेसह लिहून ठेवा. बाकीच्या छळाचा उपयोग दुसरीकडे होतो. उद्या काढलं किंवा राजीनामा घेतला, तर त्यामागचं खरं कारण गरोदरपण होतं हे दाखवायला हीच साखळी लागते.

साखळी असते तारखांची. गेल्या अप्रेझलचं पत्र, कौतुकाची मेल, मॅनेजरला सांगितलं तो दिवस, कॉलमधून नाव गळालं तो दिवस, केबिनमधलं बोलणं. एका बीपीओतल्या मुलीच्या प्रकरणात एप्रिलच्या अप्रेझलमध्ये ‘अपेक्षेपेक्षा सरस’ लिहिलं होतं, जूनमध्ये तिने बातमी सांगितली, आणि जुलैमध्ये तिच्या हातात पीआयपी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम सुधारा अशी लेखी तंबी, पडला. मी अधिकाऱ्यांपुढे भाषण केलंच नाही. तीन कागद तारखेच्या क्रमाने टेबलावर ठेवले. कंपनीच्या माणसाने सुनावणीबाहेर येऊन तडजोडीची भाषा सुरू केली. हे मला सुचलं, कारण एचआरमध्ये असताना असाच एक पीआयपी मी स्वतः टाइप केला होता. वरून सांगितलं होतं, ‘काहीतरी लिहा, तारीख मागची नको वाटायला.’ त्या बाईने न भांडता राजीनामा दिला. तिचा चेहरा अजून आठवतो.

तुमच्याकडे लेखी नाही म्हणता, तर लेखी तुम्हीच तयार करायचं. आज रात्री एचआरला, मॅनेजरला प्रत ठेवून, मेल करा. इंग्रजीत करा, पण साध्या भाषेत, वकिली थाट नको. मजकूर असा: ‘शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास आपल्या केबिनमध्ये बोलणं झालं. मी पाच महिन्यांची गरोदर असल्याने राजीनामा द्यावा, त्याबदल्यात एक महिन्याचा जादा पगार मिळेल, असं आपण सुचवलंत. माझा राजीनामा देण्याचा विचार नाही. मला दिलेलं काम मी करत आहे आणि पुढेही करेन. अलीकडे मला क्लायंटच्या कॉलमधून वगळलं जात आहे, त्याचं कारण कळवावं. माझ्या समजण्यात काही चूक झाली असेल तर दुरुस्त करावी.’ संपलं. शेवटचं वाक्य गाळू नका. कंपनी गप्प बसली तर तुमचं म्हणणं कुणी नाकारलं नाही असं दिसतं. ‘आम्ही असं म्हटलंच नाही’ असं उत्तर आलं तर उत्तमच, उद्या कुणी तुमचा राजीनामा पुढे केला तर तेच उत्तर त्यांच्या आड येईल.

मेलची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा. फक्त तुमच्यासंबंधीचे कागद हं! क्लायंटची फाइल किंवा कंपनीचा डेटा चुकूनही पुढे पाठवू नका, नाहीतर त्यांना हवं असलेलं ‘गैरवर्तन’ तुम्हीच ताटात वाढून द्याल. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट घ्या आणि मूळ चॅट पुसू नका, फोन बदलू नका, कारण नुसत्या चित्रापेक्षा मूळ उपकरणाला वजन असतं. पगारपत्रकं, हजेरी, नेमणूकपत्र डाउनलोड करून ठेवा, लॉगिन बंद झालं की काहीच मिळत नाही. कंपनीने नेमणुकीच्या वेळीच मातृत्व लाभाची माहिती लेखी द्यायची असते, हा २०१७ पासूनचा नियम आहे. नेमणूकपत्रात ती आहे का बघा. बहुतेक ठिकाणी नसते.

दुसरा कागद म्हणजे गरोदरपणाची आणि रजेची रीतसर सूचना. तुम्ही तोंडीच सांगितलं आहे, आणि इथेच बऱ्याच जणी फसतात. उद्या कंपनी म्हणेल, आम्हाला माहीतच नव्हतं, आम्ही तर सर्वसाधारण कपात केली. डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा, अपेक्षित तारीख लिहा, रजा कधीपासून हवी ते लिहा, आणि तुमच्या अनुपस्थितीत पैसे कुणाला द्यायचे त्याचं नाव द्या. आधी दिली नाही म्हणून हक्क जात नाही, प्रसूतीनंतरही देता येते. एक गोष्ट फार कमी जणींना ठाऊक असते. प्रसूतीआधीच्या काळाची रक्कम आगाऊ मिळायची असते, आणि उरलेली प्रसूतीचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत. ‘रजेवरून परत आल्यावर एकदम देऊ’ ही बोली कायद्यात कुठेच नाही.

न्यायालयांचा कल कुठे आहे हेही माहीत असू द्या, बोलताना आवाजात फरक पडतो. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने एअर इंडियाचा, पहिल्या गरोदरपणातच हवाई सुंदरीची नोकरी संपवणारा नियम रद्द केला. दहा वर्षांनी नीरा माथुर यांचं प्रकरण आलं. एलआयसीत त्या प्रोबेशनवर होत्या. नोकरीच्या फॉर्ममध्ये मासिक पाळीची तारीख आणि गरोदरपणाबद्दल प्रश्न होते, त्यातली माहिती चुकीची दिली म्हणून त्यांना कमी केलं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि असले लाजिरवाणे रकाने फॉर्ममधून काढायला सांगितलं. २००० साली दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांना हाच हक्क मिळाला.

आणि कंत्राटावरच्या मैत्रिणींसाठी २०२३ चा डॉ. कविता यादव निकाल पाठच करून ठेवण्यासारखा आहे. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात त्या मुदतीच्या नेमणुकीवर होत्या. त्यांनी १ जून २०१७ पासून रजा मागितली आणि कंत्राट ११ जूनला संपत होतं. रुग्णालयाने अकरा दिवसांचा लाभ देऊन हात झटकले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अट ८० दिवसांची आहे, ती पूर्ण झाली असेल तर लाभ कंत्राटाच्या मुदतीपुढेही चालू राहतो, आणि पूर्ण २६ आठवड्यांची रक्कम द्यायला लावली. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत ठेकेदारामार्फत लागलेल्या मुली अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असतात. त्यांना ‘कंत्राट संपलं, आता काय’ असं सांगितलं जातं. आता हे आहे.

दुकानात दिवसभर उभ्या असणाऱ्या किंवा लाइनवर काम करणाऱ्या बायकांचं वेगळं. प्रसूतीआधीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा जो एक महिना, त्यात बाईने मागणी केली तर तिला कष्टाचं किंवा तासन् तास उभं राहायचं काम देता येत नाही. सहा आठवड्यांत रजा न घेता ती कामावर आली, तरी तेच. हलकं काम दिलं म्हणून पगारही कापता येत नाही. मागणी मात्र लेखी करावी. गरोदरपणामुळे आजार उद्भवला, बीपी वाढलं किंवा वेळेआधी प्रसूती झाली, तर रजेव्यतिरिक्त आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा आहे. गर्भपात झाला तर सहा आठवडे. त्या वेळी हे कुणी मागायला जात नाही, म्हणून घरच्यांनी लक्षात ठेवावं.

ऊसतोडीच्या कोयत्यावर जाणाऱ्या किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईपर्यंत यातलं जवळपास काहीच पोचत नाही. तिच्यासाठी मातृवंदना योजनेचे पहिल्या वेळी ५,००० रुपये आहेत, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,०००. त्यावर जास्त बोलत नाही, संताप येतो.

तुम्ही विचारलेलं नाही, पण परत आल्यावरचंही सांगते, कारण दुसरा घाव तिथे बसतो. रजेवरून आलं की खुर्ची गेलेली असते, टीम दुसऱ्याकडे, आणि ‘तुमच्यासाठी सोपं काम ठेवलंय’ असं गोड बोलून हुद्दा खाली सरकवलेला असतो. तीच खुर्ची, तोच क्लायंट असा हट्ट कायद्यातून निघत नाही, पण पगार, दर्जा, वेतनवाढ यात रजेमुळे तोटा करता येत नाही. सहा महिने रजेवर होतात म्हणून रेटिंग शून्य, हे त्यातच आलं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजण्याची पगारी सुट्टी असते. तुमच्या कंपनीत ५० पेक्षा जास्त माणसं आहेत, म्हणजे पाळणाघराची सोय कंपनीने करायलाच हवी, स्वतःची किंवा इतरांबरोबर मिळून, आणि दिवसात चार वेळा तिथे जायची मुभाही. घरून काम हा मात्र हक्क नाही, कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीने ठरतं. मागताना लेखी मागा, नकारही लेखी येऊ द्या.

एवढं करूनही ऐकलं नाही तर तक्रार जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात द्यायची. पैसे अडवले असतील तर निरीक्षक, ज्यांना नव्या संहितेत निरीक्षक-नि-सुविधाकार म्हणतात, ते चौकशी करून रक्कम द्यायला लावू शकतात. काढून टाकलं असेल तर आदेश हातात पडल्यापासून ६० दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करायचं. ओल्या बाळंतिणीच्या अंगावरून हे साठ दिवस कसे निघून जातात ते मी पाहिलंय. म्हणून नवऱ्याला किंवा भावाला ती तारीख कॅलेंडरवर लिहायला लावा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. मोफत कायदेशीर मदत मिळायला बाईला उत्पन्नाची अट नाही, हे शिकलेल्या बायकांनाही माहीत नसतं. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, किंवा १५१०० वर फोन करा. राज्य महिला आयोगाकडे अर्ज करता येतो, आयोगाच्या पत्राने एचआरची झोप उडते, पण वसुलीसाठी कामगार कार्यालयच गाठावं लागतं.

सासरच्यांचं म्हणणं राहिलं. त्यांना दोष देत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात रोज मनस्ताप सोसायचा का, हा खराच प्रश्न आहे, आणि प्रत्येकीने लढलंच पाहिजे असं मी म्हणत नाही. माझ्या काही अशीलांनी पैसे घेऊन नोकरी सोडली आणि त्या सुखात आहेत. पण सोडायचीच तर पूर्ण २६ आठवड्यांची रक्कम, नोटीस काळाचा पगार, ग्रॅच्युइटी लागू असेल तर ती, आणि चांगलं अनुभवपत्र, एवढं आधी लेखी घेऊन मग. आकड्याची बोलणी ४८,००० पासून सुरू करू नका. खरं तर आत्ता सोडूच नका. रजा घ्या, बाळ होऊ द्या, पैसे खात्यात येऊ द्या, आणि नोकरी नकोच वाटली तर तेव्हा ठरवा. फक्त पगारी रजेत दुसरीकडे नोकरी धरू नका, लाभ जातो.

शेजारी बसवलेल्या त्या नव्या मुलीशी मात्र वाकडं घेऊ नका. तिने हे मागितलेलं नाही. मीटिंगमधली थट्टा तिनेही ऐकली आहे, आणि अशा प्रकरणात साक्षीला उभं राहायला जुनी माणसं बहुतेक कचरतात, तर कधीकधी अशी नुकतीच लागलेली मुलगीच उभी राहते. तुमची मेल गेल्यावर काय उत्तर येतं ते कळवा, पुढचं पत्र मग ठरवू.